म्यानमारची लष्करी हुकूमशाही: वसाहतीचा वारसा, धम्माचा वापर आणि आपल्यासाठी धडा

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढले आणि पुढे रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजाचा रत्नागिरीतच मृत्यू झाला. त्याच काळात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता.

आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि भारतात धम्मप्रसार कसा करावा याचे निवेदन त्यांनी तिथल्या बुद्धसासन परिषदेला दिले. इगतपुरीला विपश्यना केंद्र उभारणारे सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मले होते. विपश्यना ते रंगूनमध्ये ऊ बा खिन यांच्याकडे शिकले.

इतक्या जवळच्या या देशात १९६२ पासून, मधली काही वर्षे वगळता, लष्कराची सत्ता आहे. आमच्या अभ्यासवर्गात तरुण एक प्रश्न हमखास विचारतात: बुद्धाला मानणाऱ्या देशात एवढी क्रूर हुकूमशाही कशी काय? त्यावर दोन तयार उत्तरे ऐकू येतात. पहिले, "या बातम्या बौद्धांच्या बदनामीसाठी पसरवल्या जातात." दुसरे, "ते खरे बौद्धच नाहीत." या दोन्ही उत्तरांनी विषय तिथेच मिटतो आणि आपली विचार करण्यातून सुटका होते. खरे उत्तर हवे असेल तर इंग्रज मागे काय ठेवून गेले, लष्कराने त्याचे काय केले आणि समाजाने कुठे कुठे मौन पाळले, हे क्रमाने पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर हुकूमशहा का आले?

हा केवळ म्यानमारचा प्रश्न नाही. पाकिस्तानात १९५८ मध्ये अयुब खान, काँगोमध्ये १९६५ मध्ये मोबुटू, इंडोनेशियात त्याच सुमारास सुहार्तो, युगांडात १९७१ मध्ये इदी अमीन. आशिया-आफ्रिकेतले कितीतरी देश स्वतंत्र झाल्यावर दहा-पंधरा वर्षांतच लष्कराच्या ताब्यात गेले.

यावर पाश्चात्त्य वर्तमानपत्रांचे जुने उत्तर असे की या लोकांना लोकशाही झेपत नाही. समाजशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. पाकिस्तानी समाजशास्त्रज्ञ हमजा अलवी यांनी १९७२ मध्ये 'अतिविकसित राज्यसंस्था' ही कल्पना मांडली. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना लोकांचे प्रतिनिधित्व करायचे नव्हते. त्यांना महसूल गोळा करायचा होता आणि बंड मोडायचे होते. म्हणून त्यांनी लष्कर, पोलीस आणि नोकरशाही भक्कम उभी केली. संसद, राजकीय पक्ष, स्थानिक उद्योजक वर्ग हे सगळे कच्चेच राहिले. इंग्रज गेले तेव्हा ही एकांगी रचना तशीच मागे राहिली. ज्याच्या हातात लष्कर, त्याच्या हातात देश जाणे सोपे झाले.

भारतात तसे झाले नाही, कारण आपल्याकडे राजकीय चळवळ जुनी होती, लष्कर मुलकी सत्तेच्या अधीन राहिले आणि संविधान वेळेत तयार झाले. ब्रह्मदेशात या तिन्ही गोष्टी डळमळीत होत्या.

इंग्रज मागे काय ठेवून गेले?

पहिली गोष्ट म्हणजे फूट. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या सैन्यात बहुसंख्य बर्मी लोकांना फारसे घेतले नाही. भरती केली ती करेन, काचिन, चिन या डोंगराळ भागातल्या समूहांची. सपाट प्रदेशावर थेट राज्य आणि सीमेवरच्या डोंगरी प्रदेशात सरंजामदारांमार्फत कारभार, अशी दुहेरी व्यवस्था होती. एकाच देशातले लोक एकमेकांना ओळखतच नव्हते. जेव्हा ओळख झाली, तेव्हा एकाच्या हातात इंग्रजांनी दिलेली बंदूक होती.

दुसरी गोष्ट म्हणजे जमिनीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेश हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार होता. पण शेतकऱ्याला कर्ज मिळत होते ते तमिळनाडूतून आलेल्या चेट्टियार सावकारांकडून. १९३० च्या मंदीत भाव कोसळले, कर्जे थकली आणि दक्षिण ब्रह्मदेशातल्या भातशेतीची जवळपास एक चतुर्थांश जमीन चेट्टियारांकडे गेली. लूट साम्राज्याची होती, पण शेतकऱ्याला समोर दिसत होता तो भारतीय सावकार. १९३० आणि १९३८ मध्ये भारतीयविरोधी दंगली झाल्या. त्यांत मार खाल्ला तो बहुतांशी गोदीवरच्या हमालांनी आणि छोट्या दुकानदारांनी.

तिसरी गोष्ट म्हणजे कायदे. आपल्या भारतीय दंड संहितेवर बेतलेली दंड संहिता, १९०८ चा बेकायदा संघटना कायदा, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा हे सगळे तिथे चालूच राहिले. जो कायदा इंग्रजांनी क्रांतिकारकांसाठी केला होता, तोच पुढे स्वदेशी सेनापतींनी आपल्याच विद्यार्थ्यांवर आणि पत्रकारांवर चालवला. २०१८ मध्ये वा लोन आणि क्याव सो ऊ या रॉयटर्सच्या दोन पत्रकारांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती १९२३ च्या कायद्याखाली. त्यांचा 'गुन्हा' एवढाच की इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना ठार मारल्याचे प्रकरण ते शोधत होते.

चौथी गोष्ट म्हणजे धर्म आणि राष्ट्र यांची एकत्र बांधलेली गाठ. राजा गेला तेव्हा संघाला मिळणारा राजाश्रयही गेला. वसाहतविरोधी लढ्यात भिक्खू पुढे आले. ऊ विसारा हे भिक्खू १९२९ मध्ये १६६ दिवसांच्या उपोषणानंतर तुरुंगात मरण पावले. हा त्याग मोठाच होता. पण त्याबरोबर 'बर्मी म्हणजे बौद्ध' ही समजूतही पक्की होत गेली. ख्रिस्ती काचिन, मुस्लिम रोहिंग्या, हिंदू तमिळ यांना त्या व्याख्येत जागा नव्हती.

१९६२: बंदुकीचे राज्य

स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांना हा धोका कळला होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी पांगलाँग येथे शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला आणि सीमाभागाला स्वायत्ततेचा शब्द दिला. पाच महिन्यांनी, १९ जुलै १९४७ रोजी, त्यांची सहकाऱ्यांसह हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला तो नेता गमावून. लगेच कम्युनिस्टांचा आणि करेन संघटनेचा सशस्त्र उठाव सुरू झाला.

पंतप्रधान ऊ नू हे श्रद्धाळू बौद्ध. त्यांच्याच काळात रंगूनला सहावी संगीती झाली. १९६१ मध्ये त्यांनी बौद्ध धर्माला राज्यधर्म केले. बहुसंख्यांना बरे वाटले, पण काचिन प्रदेशात त्याने असंतोष भडकला. शान नेते संघराज्याची मागणी करत होते. देश फुटतो आहे, असे कारण देऊन जनरल ने विन यांनी २ मार्च १९६२ रोजी सत्ता घेतली. देशाचे पहिले राष्ट्रपती, शान नेते साव श्वे थाइक यांना अटक झाली. त्यांचा किशोरवयीन मुलगा त्याच रात्री गोळीने मारला गेला आणि ते स्वतः त्याच वर्षी कोठडीत वारले.

सात जुलैला रंगून विद्यापीठात विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. सैन्याने गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा पंधरा-सोळा सांगितला, विद्यार्थ्यांच्या मते तो शंभराहून अधिक होता. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवून दिली. आंग सान यांच्यासारखे नेते याच विद्यार्थी संघातून घडले होते, ही गोष्ट नव्या राज्यकर्त्यांना चांगली माहीत होती.

लोकांनी मोजलेली किंमत

ने विन यांनी आपल्या कारभाराला 'समाजवादाचा बर्मी मार्ग' असे नाव दिले. बँका, कारखाने, घाऊक व्यापार, अगदी छोटी दुकानेही सरकारजमा झाली. सुमारे तीन लाख भारतीय वंशाचे लोक साठच्या दशकात जवळपास रिकाम्या हाताने देश सोडून गेले. चेन्नईचा बर्मा बाजार या परतलेल्या लोकांनीच उभा केला. सरकारजमा झालेली मालमत्ता गरीब शेतकऱ्याकडे गेली नाही, ती लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती आली.

सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका घोषणेने रद्द झाल्या. बदली एक पैसाही मिळाला नाही. त्यानंतर ४५ आणि ९० क्यातच्या नोटा आल्या, कारण नऊ हा आकडा ने विन यांना शुभ वाटत असे. लोकांची आयुष्यभराची बचत एका माणसाच्या अंधश्रद्धेपायी कागद झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने एकेकाळच्या या तांदळाच्या कोठाराला 'अल्पविकसित देश' म्हणून नोंदवले.

८ ऑगस्ट १९८८ ला देशभर उठाव झाला. विद्यार्थी, भिक्खू, कामगार, सरकारी कर्मचारी रस्त्यावर आले. सुमारे तीन हजार लोक मारले गेले असा अंदाज आहे. १९९० च्या निवडणुकीत आंग सान यांच्या कन्या सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने तो निकाल मानलाच नाही. सू ची यांची पुढच्या दोन दशकांतली सुमारे पंधरा वर्षे स्थानबद्धतेत गेली.

शिक्षणाचे काय झाले हे आपल्या तरुणांनी विशेष लक्षात घ्यावे. १९८८ ते २००० या काळात विद्यापीठे बहुतेक वेळ बंद होती. पुढे उघडली ती शहराबाहेर विखरून, म्हणजे विद्यार्थी एकत्र येऊ नयेत. रंगून विद्यापीठाच्या मुख्य आवारात पदवीचे वर्ग पुन्हा सुरू व्हायला २०१३ साल उजाडले. एका पूर्ण पिढीला वर्गात बसून वाद घालण्याची सवयच लागू दिली नाही. मोडलेला पूल पाच वर्षांत पुन्हा बांधता येतो. मोडलेल्या पिढीचे तसे होत नाही.

मे २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मृत वा बेपत्ता झाले. परदेशी मदत अनेक दिवस अडवून धरली गेली आणि वादळानंतर आठवडाभरातच देशाच्या बहुतेक भागात नव्या संविधानावर सार्वमत उरकून घेतले. त्या संविधानाने संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला दिल्या आणि घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मतांची अट घातली. म्हणजे निवडणूक कोणीही जिंको, चावी लष्कराच्याच खिशात.

उपडे केलेले भिक्षापात्र

आता धम्माकडे येऊ. विनयपिटकात 'पत्तनिक्कुज्जन कम्म' नावाची एक तरतूद आहे. संघाचे अहित करणाऱ्या उपासकापुढे भिक्षापात्र उपडे करायचे, म्हणजे त्याचे दान नाकारायचे. वड्ढ लिच्छवी याने एका भिक्खूवर खोटा आरोप केला तेव्हा बुद्धाने ही तरतूद केल्याची कथा आहे. ही शिक्षा शस्त्राशिवायची आहे. दान नाकारले की दात्याचा पुण्य मिळवण्याचा मार्ग बंद होतो आणि त्याने चूक मान्य केली की पात्र पुन्हा सरळ होते.

ऑगस्ट २००७ मध्ये सरकारने इंधनाचे भाव एकाएकी वाढवले. ५ सप्टेंबरला पाकोक्कू गावी निदर्शने करणाऱ्या भिक्खूंना सैन्याने मारहाण केली. संघाने माफी मागितली, ती आली नाही. मग हजारो भिक्खू पात्र उपडे धरून, आपल्या विहारांतही म्हटले जाते ते मेत्त सुत्त म्हणत रस्त्यावर उतरले. सेनापतींचे दान नाकारले गेले. ज्यांची सत्ता पॅगोडांना सोन्याचा मुलामा देऊन पवित्र ठरत होती, त्यांच्यासाठी हा मोठा घाव होता. सप्टेंबरच्या अखेरीस रात्रीच्या अंधारात विहारांवर धाडी पडल्या, चीवर उतरवून भिक्खूंना नेण्यात आले. चळवळीचे एक नेते ऊ गंबिरा यांना ६८ वर्षांची शिक्षा झाली. २०१२ मध्ये त्यांची सुटका झाली.

दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. हुकूमशहा थान श्वे यांनी नव्या राजधानीत श्वेडगॉनच्या धर्तीवर भव्य पॅगोडा बांधला आणि २०१० मध्ये बोधगयेला येऊन पूजा केली. तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाईंग यांनी २०२३ मध्ये त्याच राजधानीत प्रचंड संगमरवरी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाझीजी गावावरच्या हवाई हल्ल्यात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली होती, त्यांत मुलेही होती. विराथूसारख्या भिक्खूंनी मुस्लिमांविरुद्ध उघड द्वेष पसरवला आणि लष्करी राजवटीने २०२३ मध्ये त्याचा किताब देऊन गौरव केला.

म्हणून 'बौद्ध देशात असे कसे' या प्रश्नाचे उत्तर असे की चीवर दोन्ही बाजूंना होते. एका बाजूने दान नाकारले, दुसऱ्या बाजूने किताब स्वीकारला. धम्म मानणारा समाज हुकूमशाहीपासून आपोआप सुरक्षित राहत नाही. कोणत्या बाजूचे चीवर आपण डोक्यावर घेतो, यावर ते ठरते.

ज्यांच्यासाठी कोणी बोलले नाही

१९८२ चा नागरिकत्व कायदा वाचण्यासारखा आहे. १८२३ पूर्वी ब्रह्मदेशात वसलेले समूह तेवढे मूळ निवासी मानले गेले. १८२३ का, तर १८२४ मध्ये इंग्रजांचे पहिले युद्ध सुरू झाले. पुढे सरकारने १३५ समूहांची यादी पक्की केली, तिच्यात रोहिंग्यांचे नाव नाही. राखाईन प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे कागदावर परकी झाली. त्यांना लग्नासाठी, प्रवासासाठी परवानगी लागू लागली.

ऑगस्ट २०१७ मध्ये सैन्याने गावेच्या गावे जाळली. सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्या वेळी सू ची सत्तेत होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन आपल्या देशाचा, म्हणजे प्रत्यक्षात त्या सैन्याचा बचाव केला. बहुसंख्य समाज त्यांच्या बाजूने होता.

चौदा महिन्यांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्याच सैन्याने सू ची यांना अटक केली आणि निवडणुकीचा निकाल पुन्हा फेकून दिला. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार संपावर गेले, तरुण रस्त्यावर आले. २७ मार्च २०२१ या एका दिवसात शंभराहून अधिक लोक मारले गेले. डोंगराळ भागात अनेक दशके वापरलेले गावे जाळण्याचे तंत्र आता बर्मी बौद्धांच्या सपाट प्रदेशात आले. त्या वेळी अनेक तरुणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. तुमच्यावर जे झाले ते खरे होते, आम्ही विश्वास ठेवला नाही, असा त्या माफीचा सूर होता. जून २०२१ मध्ये लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने १९८२ चा कायदा रद्द करण्याचे वचन दिले.

माझ्या मते या साठ वर्षांचा सर्वांत मोठा धडा इथे आहे. करेन लोकांची गावे जळत होती तेव्हा रंगून शांत होते. भारतीयांना हाकलले तेव्हा अनेकांना आनंद झाला. रोहिंग्यांच्या वेळी टाळ्या वाजल्या. प्रत्येक वेळी सैन्याने एका समूहावर हात साफ केला आणि उरलेल्यांच्या मौनातून पुढची ताकद मिळवली. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली तेव्हा ज्या रोहिंग्यांना नागरिक मानले नव्हते, त्यांनाही पकडून सैन्यात घातले गेले. नागरिकत्व नाही, पण मरायला बोलावणे आहे.

आपण काय करावे?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली व्यक्तिभक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. ब्रह्मदेशात ऊ नू यांच्या काळात निवडणुका होत्या, संसद होती. नव्हता तो समूहासमूहांतला बंधुभाव. आंग सान यांच्या कन्येवरच्या भक्तीने २०१७ मध्ये देशाची विवेकबुद्धी झोपवली, हेही आपण पाहिले. तथागताने आपल्यामागे वारस नेमला नाही, धम्मालाच शास्ता मानायला सांगितले, यामागचे शहाणपण इथे कळते.

कार्यकर्ता म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, रोहिंग्यांविरुद्धचे संदेश 'बौद्धांचा अभिमान' म्हणून आपल्या गटांत फिरतात, ते तिथेच थांबवा आणि पाठवणाऱ्याशी बोला. दोन, विहारातल्या अभ्यासवर्गात २००७ च्या भिक्खूंचा इतिहास शिकवा. उपडे पात्र हे आपल्या परंपरेतले सत्याग्रहाचे साधन आहे आणि ते आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे. तीन, मिझोराममध्ये आज म्यानमारमधून आलेले हजारो निर्वासित आहेत, त्यांत चिन ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. त्यांच्यासाठी काही करता आले तर 'ते बौद्ध आहेत का' हा प्रश्न आधी विचारू नका.

म्यानमारचे तरुण आज जे शिकत आहेत, त्यासाठी त्यांना घरदार, शिक्षण आणि अनेकांना प्राण द्यावे लागले. आपल्याला तेच वाचून आणि बोलून शिकता येते. शेजारच्या वस्तीवर अन्याय होत असेल तेव्हा, ती वस्ती आपल्या धर्माची वा जातीची नसली तरी, आवाज उठवण्याची सवय आतापासूनच लावून घेऊया.